एकट्यापुरते पिठले

शाळा सुटून तुम्ही घरी येता. दाराला कुलूप आहे. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली. आत आल्यावर ओट्यावर, तेलाच्या बरणीखाली दाबून ठेवलेली चिठ्ठी दिसते: ‘आजीला बरं नाही म्हणून गावाला जातोय. उद्या संध्याकाळी येऊ. काहीतरी करून खा.’

या ‘काहीतरी’पाशी बहुतेकांचे घोडे अडते. कोणी बिस्किटांचा पुडा फोडतो, कोणी चिवड्याच्या डब्यात हात घालतो, कोणी दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचे पाकीट शोधतो. डब्यात बेसन असते, फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी असते, अंगणात किंवा कुंडीत कढीपत्ता असतो. पण एवढ्या सामग्रीतून एका माणसाचे जेवण कसे उभे राहते ते ठाऊक नसते. हा लेख मुलींसाठी आहे असे समजून मुलांनी पान उलटू नये. भूक लागताना ती मुलगा आहे की मुलगी हे पाहत नाही. आणि शिक्षकांनीही तो पुढे वाचावा, कारण उष्मा, बाष्पीभवन आणि रेणू या तीन धड्यांना लागणारी प्रयोगशाळा प्रत्येक घरात ओट्यावरच मांडलेली असते.

मी नववीत असताना माझ्यावर हीच वेळ आली होती. घरात आम्ही चौघे. आई पिठले करी तेव्हा दोन वाट्या बेसन आणि आठ वाट्या पाणी घेई, हे मी पाहिले होते. गणितात मला बरे गुण मिळत. त्रैराशिक तर हातचा मळ. चार माणसांना दोन वाट्या, तर एकाला अर्धी. पाणी दोन वाट्या. तेल चौथा हिस्सा, मीठ चौथा हिस्सा. पातेले मात्र आईचेच घेतले, आणि शेगडीही तिच्यासारखीच मोठी ठेवली. मोहरी तडतडायच्या आधीच काळी पडली. पीठ ओतले आणि ते उकळू लागले, तेव्हा बरे वाटले. काकू खिडकीतून म्हणाल्या, “काय छान वास सुटलाय रे पिठल्याचा!” मी फुशारून गेलो. आई जितका वेळ पिठले शिजू देई, तितकाच वेळ मी घड्याळ लावून शिजू दिले. मग पाहिले तर पातेल्याच्या तळाशी एक करपलेला, खारट थर चिकटून बसलेला. मुख्य म्हणजे, जो वास काकूंना खिडकीपलीकडे आला होता तो घासात औषधालाही नव्हता. काकूंनी दिलेली भाकरी मी लसणीच्या चटणीशी खाल्ली आणि झोपलो.

माझा गुणाकार-भागाकार बरोबर होता. मग पाणी कोठे गेले? आणि वास कोठे गेला? या दोन प्रश्नांची उत्तरे मला पुढे कॉलेजात गेल्यावर मिळाली. तुम्हाला ती आजच मिळायला हरकत नाही.

पाणी कोठे गेले?

पाणी एकदा १०० अंश सेल्सिअसला उकळू लागले की कितीही मोठी आच दिली तरी त्याचे तापमान वाढत नाही. मग आचेतून येणारी उष्णता जाते कोठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाठ्यपुस्तकात तुम्ही तिला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणून ओळखता. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे २२६० जूल लागतात.

आता हिशेब करू. मोठ्या शेगडीवरून पातेल्याला दर सेकंदाला १००० जूल मिळतात असे धरा. (प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होईल, आपल्याला अंदाज हवा आहे.) १००० भागिले २२६० म्हणजे दर सेकंदाला ०.४४ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २६ ग्रॅम पाण्याची वाफ होणार. सहा मिनिटे उकळले तर सुमारे १६० ग्रॅम पाणी गेले. आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलिलिटरची असते, तेव्हा एक वाटीहून थोडे जास्तच पाणी उडाले.

या हिशेबात पिठले किती माणसांचे आहे हा आकडा कोठेही आला नाही, हे तुमच्या ध्यानात आले का? शेगडीला माणसे मोजता येत नाहीत. पातेल्यात आठ वाट्या पाणी असो की दोन, सहा मिनिटांत ती एक वाटी उडवणारच. आईच्या आठ वाट्यांतून एक गेली तर आठवा हिस्सा गेला. कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या दोन वाट्यांतून एक गेली म्हणजे निम्मे पिठलेच हवेत गेले! मीठ मात्र वाफेबरोबर जात नाही. म्हणून मी मीठ मोजून घातले असूनही पिठले खारट झाले. मीठ बरोबर होते. पाणी पळाले होते.

दुसरी चूक पातेल्याची. आईचे पातेले २४ सेंटिमीटर व्यासाचे होते. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४५२ चौरस सेंटिमीटर. त्यात दोन वाट्या, म्हणजे ३०० मिलिलिटर पाणी पसरले तर खोली किती? ७ मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा थराला मोठी आच लागल्यावर तो करपणार नाही तर काय करील? तेच पाणी १२ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात घ्या. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, आणि खोली भरते अडीच सेंटिमीटरहून अधिक. चार माणसांचे पिठले एका माणसावर आणायचे तर पातेल्याच्या तळालाही चाराने भागले पाहिजे. ते मी विसरलो होतो.

तेलाचीही तीच गोष्ट. दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर तेल त्या मोठ्या तळावर पसरले की त्याचा थर पाव मिलिमीटरचाही होत नाही. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा. तो तेलात बुडणार कसा? तो नुसता तापलेल्या धातूवर बसतो आणि जळतो. मोहरी तडतडते ती तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटते म्हणून, आणि त्यासाठी दाण्याला चहूकडून सारखी उष्णता हवी. ती तेल देते. एकट्याची फोडणी म्हणूनच छोट्या कढल्यात किंवा लोखंडी पळीत करावी. आजीच्या घरी फोडणीची पळी भिंतीला टांगलेली असे, ती काही शोभेसाठी नव्हे.

वास कोठे गेला?

आधी एक प्रयोग करा. कोथिंबिरीची दोन-चार पाने घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि पाने चावा. काय लागते? किंचित कडवट, गवतासारखे ओले काहीतरी. आता नाक सोडा. क्षणात कोथिंबीर ‘येते’! ती जिभेवर आली नाही. घशाच्या मागच्या वाटेने नाकात गेली. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. (यांपैकी उमामी ही चव टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखली.) बाकी आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो. जाता जाता शिक्षकांना एक विनंती: जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट आणि मागे कडू कळते असा नकाशा जुन्या पुस्तकांत असे. तो चुकीचा ठरला आहे. या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

नाकात जाण्यासाठी पदार्थाचे रेणू हवेत उडाले पाहिजेत. पानांतल्या सुगंधी तेलांचे रेणू असेच उडून जाणारे असतात. आता कढीपत्त्याचे एक ताजे पान उजेडासमोर धरा. भिंग असेल तर उत्तम. पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या सुगंधी तेलाच्या पिशव्या आहेत. लिंबाचे पान धरून पाहा, त्यातही तसेच ठिपके दिसतात, कारण कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात जो ‘कोनिगी’ शब्द आहे तो योहान कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आला. तो लिनियसचा शिष्य. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला येऊन राहिला आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या वनस्पतींचा त्याने अभ्यास केला.

कढीपत्त्याच्या त्या ओळखीच्या वासामागे कोणता रेणू आहे? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जर्मनीत केलेल्या एका संशोधनात पानांतले वासाचे घटक एकेक करून सुंघून पाहिले गेले. त्यांत सर्वांत प्रभावी ठरला तो एक गंधकयुक्त रेणू. त्याचे नाव १-फिनाइलएथेनथायॉल. नाव विसरलात तरी चालेल. त्याच्या जोडीला लिनालूल असते, आणि हे लिनालूल धन्यातही भरपूर असते.

या रेणूंचा एक स्वभाव लक्षात ठेवा: ते तेलात सहज विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. खात्री करून घ्यायची आहे? कढीपत्त्याची पाने चुरगाळून निम्मी चमचाभर कोमट तेलात आणि निम्मी तेवढ्याच कोमट पाण्यात टाका. वाट्या झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाने काढून दोन्ही वाट्यांचा वास घ्या. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो, आणि डोळे मिटून कोणती वाटी तेलाची हे ओळखायला लावले तर मुलांना गंमतही येते. हळदीचेही तसेच आहे. थंड पाण्यात हळद टाका, ती नुसती गढूळ होऊन तळाशी बसते. तेलात टाका, तेल पिवळेजर्द होते.

म्हणजे फोडणी हे तेलात अर्क काढण्याचे तंत्र आहे. कढीपत्त्याचे पान गरम तेलात पडते तेव्हा पानातल्या पाण्याची वाफ होऊन चर्रर्र आवाज होतो, तेलाच्या पिशव्या फुटतात, आणि सुगंध बाहेर येताक्षणी त्याला धरून ठेवायला तेल हजर असते. पुढे ते तेल पिठल्यात पसरते. पान आपण ताटाबाहेर काढून ठेवतो तेव्हा त्याने आपले काम आधीच केलेले असते. (पान खाल्लेत तरी चांगलेच.)

मग कोथिंबीरही फोडणीत का घालू नये? कारण तिची प्रकृती निराळी. धन्यात लिनालूल मुख्य, पण त्याच झाडाच्या पानात मुख्य असतात ते अल्डिहाइड वर्गातले रेणू. ते नाजूक असतात आणि उष्णतेने लवकर उडून वा बदलून जातात. हेच रेणू काही ढेकण्यांच्या, म्हणजे चिमटीत धरले की घाण वास सोडणाऱ्या किड्यांच्या, वासातही सापडतात! जगात काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते. २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका विशिष्ट जनुकाशी दिसून आला. आपल्याकडे अशी माणसे कमी. पण तुमच्या घरी एखादा भाऊ ताटातली कोथिंबीर वेचून बाजूला काढत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी एवढे लक्षात घ्या की त्याचे नाक कदाचित निराळे असेल.

आता माझ्या हरवलेल्या वासाकडे वळू. मी कोथिंबीर पीठ ओतल्याबरोबर घातली होती आणि पातेले उघडे ठेवून खदखदा उकळले होते. तुम्ही म्हणाल, लिनालूलचा उत्कलनबिंदू जवळपास १९८ अंश; पिठले तर १०० अंशांच्या वर जात नाही, मग वास उडेल कसा? शंका बरोबर आहे. पण पाणी आणि सुगंधी तेल एकमेकांत मिसळत नाहीत, आणि अशी दोन द्रव्ये एकत्र तापवली की प्रत्येक जण आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतो. पाण्याच्या वाफेबरोबर तेलाची थोडी वाफही निघून जाते, आपल्या उत्कलनबिंदूची वाट न पाहता. उत्तर प्रदेशात कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यात फुले आणि पाणी उकळून याच युक्तीने सुगंध बाहेर काढतात. तिथे वाफ थंड करून सुगंध साठवतात. मी तो खिडकीतून काकूंना पाठवला! जेवढा वास घरभर सुटला, तेवढा माझ्या पातेल्यातून गेला होता.

आता पिठले

वाचून भूक लागली असेल. साहित्य घ्या: अर्धी वाटी बेसन, दोन वाट्या पाणी, तीन चहाचे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, लसणीच्या तीन-चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, कढीपत्त्याची सात-आठ पाने, मूठभर कोथिंबीर आणि मीठ. पातेले लहान, शेगडीही लहान. पातेल्यावर बसेल असे झाकण हाताशी ठेवा.

सुरुवात लसणीपासून करा. अखंड पाकळीला फारसा वास येत नाही. ठेचली की नाकात घुसतो. कारण पाकळीत ॲलिइन नावाचे द्रव्य पेशीच्या एका भागात असते आणि त्याचे रूपांतर करणारे विकर दुसऱ्या भागात. मधली भिंत फुटल्यावर ती भेटतात आणि ॲलिसिन तयार होते. ॲलिसिन प्रथम वेगळे काढले ते १९४४ मध्ये, अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी. विकर उष्णतेने निकामी होते. तेव्हा लसूण ठेचा आणि पाच मिनिटे तशीच राहू द्या, मग तेलात टाका. पडताळा पाहायचा असेल तर एक पाकळी न सोलता पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून मग ठेचा. ती गरीब गायीसारखी वागते.

त्या पाच मिनिटांत बेसन थंड पाण्यात कालवा. थंडच पाहिजे. गरम पाण्यात कोरडे पीठ पडले की प्रत्येक गोळ्याच्या बाहेरच्या पिठातला स्टार्च लगेच फुगून चिकट कवच बनतो, पाणी आत शिरत नाही, आणि गुठळी तयार होते. आधी थोड्या पाण्यात घट्टसर कालवून गुठळ्या मोडा, मग उरलेले पाणी घाला. मीठ आताच टाका, पण हात थोडा आखडता ठेवा. पाणी थोडेफार उडणार आहेच.

तेल तापले की मोहरी. ती तडतडली की जिरे, मग लसूण आणि मिरची. लसूण पिवळसर झाली की कढीपत्ता. पाने धुतली असतील तर फडक्याने पुसून कोरडी करा, कारण पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात बुडून क्षणात वाफ होतो, वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते, आणि तेल अंगावर उडते. चुकून तेलाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच ओतू नका. याच कारणाने आग भडकते. शेगडी बंद करून पातेल्यावर झाकण ठेवा, हवा तुटली की ज्योत विझते. म्हणून झाकण आधीपासून हाताशी ठेवायला सांगितले.

शेवटी हिंग आणि हळद, आणि लगेच कालवलेले पीठ ओता. ओतताना वाटीच्या तळाशी बसलेले पीठ ढवळून घ्या. आता डावाने सतत ढवळा. दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. मग सत्तर अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पिठले बघता बघता आळते. इथेच नवशिका घाबरून गॅस बंद करतो. करू नका, आळणे म्हणजे शिजणे नव्हे. चाखून पाहा, पीठ अजून कच्चट लागते. आच अगदी मंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटे शिजू द्या. मधून एकदा ढवळा. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात आणि परत पिठल्यात पडतात. त्यांच्याबरोबर वाफेने पळवलेला थोडा सुगंधही परततो. तुमचे झाकण कनौजच्या भपक्याचे थोडे काम करते आहे.

गॅस बंद करा. मग चिरलेली कोथिंबीर घाला, पुन्हा झाकण ठेवा आणि दोन मिनिटे थांबा. ताट वाढून घ्या, आणि झाकण ताटाजवळ आणून उघडा. या वेळी काकूंना खिडकीतून फारसा वास येणार नाही.

अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम बेसनात आठ-नऊ ग्रॅम प्रथिने असतात. सोबत भाकरी किंवा पोळी घ्यावी हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते, त्यामागे शास्त्रही आहे. डाळींच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, मिथिओनिन कमी. धान्यांत नेमके उलट. दोन्ही एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. चिवडा-बिस्किटांना हे जमत नाही.

हाच नियम पुढे चालवा

पिठले जमले की ताकातली उकड अवघड नाही. अर्धी वाटी तांदळाचे पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवायचे आणि फोडणी तीच. ताक नुसते उकळले तर फाटते, पण पिठातला स्टार्च ताकातल्या प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही. कढीला बेसन लावतात तेही याचसाठी. उकडीत लसूण सढळ हाताने घाला. कुंडीत पानओवा असेल तर त्याचे एखादे जाड, लवदार पान बारीक चिरून टाकून पाहा. पानओव्याचे आणि ओव्याचे झाड निराळे, कूळ निराळे, तरी वास एकच वाटतो. ओव्यात थायमॉल असते. पानओव्यात थायमॉल आणि त्याचा जुळा भाऊ कार्व्हाक्रॉल. दोघांच्याही रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू; फरक फक्त एका गटाच्या जागेचा. समघटकांचा धडा शिकवताना शिक्षकांनी हे पान आणि चिमूटभर ओवा वर्गात न्यावा.

तिसरा पदार्थ फोडणीचा भात. तो सर्वांत सोपा, पण इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. एकट्याने भात लावताना अंदाज नेहमी चुकतो, भात उरतो आणि पातेल्यात तसाच ओट्यावर रात्रभर राहतो. तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते भात शिजताना मरत नाहीत. कोमट, ओलसर भातात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष उकळत्या पाण्याच्या तापमानालाही टिकते. म्हणजे सकाळी भात कितीही खरपूस परतला तरी जिवाणू मरतील, विष राहील. भाताला वास येत नाही म्हणून तो चांगला, असेही समजू नका. उरलेला भात ताटात पातळ पसरून लवकर गार करा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर मोजून अर्धीच वाटी तांदूळ लावा. गंमत पाहा: ज्या पातळ थराने माझे पिठले करपवले तोच इथे भाताला वाचवतो, कारण थोड्या पदार्थाला त्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो आणि तो भरभर निवतो.

फोडणीच्या भातावर कोथिंबीर वरून घाला, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. कारण आता मी सांगायला नको.

राहिले भांडे. पिठल्याचे पातेले लगेच पाण्यात बुडवू नका, आधी तळ पाहा. कडेला आणि तळाला एक तांबूस, कुरकुरीत पापुद्रा धरलेला असेल. ही खरवड. जोवर तळाशी पाणी होते तोवर तिथले तापमान १०० अंशांना अडलेले होते. शेवटी शेवटी तळाचा थर कोरडा झाला, तापमान वर चढले, आणि बेसनातली प्रथिने व शर्करा यांच्यात ती क्रिया झाली जिचे वर्णन फ्रान्सच्या लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले. पोळीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आणि पावाची तपकिरी कड ही सगळी तिचीच करणी. दोन-तीन मिनिटे अधिक झाली असती तर त्याचा कोळसा झाला असता. माझा तसा झाला होता. चार माणसांच्या घरात खरवडीवरून भांडणे होतात आणि बहुधा धाकट्याला ती मिळते. आज घरात तुम्ही एकटेच आहात. उलथणे घ्या आणि खरवडा.